कुलपातले एक किलो

४ मार्च, मंगळवार

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. या दोन वर्षांत बरण्यांची झाकणे उघडून देणे आणि दारावर आलेली पार्सले घेणे यापलीकडे मला कोणी काम सांगितले नाही. आज सूनबाईने कपाटाची किल्ली दिली. मी ती शाळेत मिळालेल्या पदकाच्या साखळीत ओवून गळ्यात घातली. चिरंजीव म्हणाले, "आई, आता तुला शिट्टी तेवढी दिली की झालं." त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

किल्लीचे कारण असे. सूनबाईने सहा महिन्यांपूर्वी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडली आणि आमच्या मागच्या खोलीत स्वतःचे काम मांडले. आजवर ओळखीपाळखीत ओठांच्या रंगाच्या दहा-वीस नळ्या खपल्या. आता एक रंगभूषाकार आला आहे. अकरा नाटक मंडळ्यांचे चेहरे तो रंगवतो. त्याला ओठांना लावायचा असा रंग हवा, जो चहाच्या कपाला लागणार नाही, नायकाच्या कॉलरला लागणार नाही आणि तिसऱ्या अंकातल्या रडारडीतही टिकेल. दोनशे नळ्या, चोवीस तारखेला. पसंत पडल्या तर वर्षभराचे काम. नाही पडल्या तर सूनबाई एक तारखेपासून जुन्या नोकरीवर; त्यांनी तिची जागा तेवढ्यापुरती अडवून ठेवली आहे. म्हणजे पुन्हा सकाळी सातला घराबाहेर, ते दिवे लागून तास झाल्यावर परत. मला तिच्यासाठी वाईट वाटते. माझे काय, मी भिंतीवरच्या घड्याळाशीही बोलू शकते.

या रंगाचा सगळा जीव आयसोडोडेकेन नावाच्या एका द्रवात आहे. पाण्यासारखे स्वच्छ, वास जवळजवळ नाही. नाव ऐकून मी विचारले, हे रॉकेलच्या घराण्यातले का. ती म्हणाली, "लांबचं नातं आहे आई, पण हे फार शुद्ध आणि अगदी हलकं. रंग ओठांवर पसरवतं आणि स्वतः उडून जातं." मी मान हलवली. लावताच नाहीशा होणाऱ्या क्रीमच्या जाहिराती मी परकर नेसत होते तेव्हापासून वाचते आहे. ते लावून कॉन्व्हेंटच्या वर्गात गेले की सिस्टर विचारायच्या, पिठाच्या गिरणीतून आलीस का.

एक किलोचा दुधी प्लास्टिकचा डबा आहे. दुसरा एप्रिलआधी मिळत नाही. एकतीस वर्षे मी विमा कंपनीच्या स्टेशनरी गोदामाची प्रमुख होते. तिथून चिठ्ठीशिवाय टाचणी बाहेर गेली नाही. माल नाहीसा होतो तो दोन पायांवरच, हे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

५ मार्च, बुधवार

पद्धत ठरवली. डब्यासकट वजन करून गप्प बसणारी माणसे मी पाहिली आहेत. चोऱ्या त्यांच्याच गोदामांत होतात. म्हणून रोज सकाळी सगळा माल रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात ओतायचा, पातेले स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे, पंख्याखाली चहा होईपर्यंत शांत बसू द्यायचे, आकडा लिहायचा आणि नरसाळ्याने परत डब्यात. आजचा आकडा बरोबर १००० ग्रॅम.

डब्याला आतून एक घट्ट बूच आहे. ते काढताना माझे नख मोडले. रोज कोण मोडत बसणार? ते काढून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि त्यावर 'बूच, आतले, नग एक' अशी चिठ्ठी लावली, म्हणजे हरवायला नको. वरचे झाकण ठेवले की झाले. आणि डबा कपाटाच्या खिडकीकडच्या खणात हलवला. तिथे दुपारचे ऊन पडते, पातळी बाहेरून दिसते.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. तेल म्हणावे तर पातेले घासावेसुद्धा लागत नाही. दुपारी पाहते तो आपोआप कोरडे खडखडीत, चिकटपणा नावाला नाही. हातांनाही तसेच. पुसलेही नाहीत, मऊ मात्र राहिले. असे स्वच्छ वागणारे तेल मी पाहिले नव्हते. माणसांनी शिकावे.

७ मार्च, शुक्रवार

९५२.

तीनदा वजन केले. काटाही बरा नसावा, चहा पिताना डोळ्यांदेखत एक ग्रॅमने उतरतो. तरी काट्याच्या चुकीने अठ्ठेचाळीस ग्रॅम जात नाहीत.

मी कोणावर संशय घेत नाही. फक्त नोंद करते की या घरात माझ्याखेरीज तीन माणसे वावरतात. चिरंजीव, ज्यांना कपाटाचे कुलूप कोणत्या बाजूला फिरते तेही सांगता येणार नाही. सूनबाई, जी स्वतःच्याच घरात स्वतःची चोरी कशाला करेल. आणि तिची आई, विहीणबाई. त्या दिवसाआड येतात आणि नळ्यांवर लेबले चिकटवतात. चाळीस वर्षे त्यांनी ब्लाउज शिवले, त्यामुळे लेबल केसभरही तिरके जात नाही. वयाच्या मानाने बाईचे कातडे अजून ताणलेले आहे. गालांवर एक सुरकुती नाही. हे आपोआप होत नसते.

(वरच्या ओळीत आधी 'चिरंजीवा' लिहिले होते. आमच्या गोदामात खाडाखोड चालत नसे. चुकलेल्यावर एक सरळ रेघ, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत, आणि शेजारी सही. तशी केली आहे.)

१० मार्च, सोमवार

शनिवारी सूनबाईने चाचणीसाठी साठ ग्रॅम मागितले. मी चिठ्ठी लिहून द्यायला लावली. तिने लिहून दिली, खाली 'आपली नम्र' असेही लिहिले. थट्टा होती, पण चिठ्ठी ती चिठ्ठी.

हिशेबाने ९४० हवे. आहे ८१५.

म्हणजे किल्ली माझ्या गळ्यात, कुलूप जागेवर, आणि माल चालला आहे. दुसरी किल्ली असल्याशिवाय हे शक्य नाही. कुलपाच्या भोकावर दोरा आडवा चिकटवून ठेवला.

आज विहीणबाई लेबलांवरून वर न पाहता म्हणाल्या, "हात मऊ झालेत हो तुमचे हल्ली." ज्याच्या मनात काही असते तो अशी खुशामत करतो. मी म्हटले, काम करणाऱ्याचे हात कसेही असले तरी चालतात. त्यांनी लेकीकडे पाहिले. लेकीने खिडकीकडे पाहिले.

११ मार्च, मंगळवार

दोरा जसाच्या तसा. माल पंचवीस ग्रॅम कमी. बाई साधी नाही.

१२ मार्च, बुधवार

आज विचित्र प्रकार झाला. सूनबाई माझ्या खोलीत आली, दार लोटले आणि शंभर ग्रॅमची एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली. पुरवठादाराने नमुना म्हणून दिलेले तेच द्रव. मला म्हणाली, "आई, हे तुमच्यासाठी. हातांना लावा, हवं तेवढं लावा. कपाटातलं मात्र ऑर्डरला पुरवायला हवं." आणि माझा हात दाबून निघून गेली. डोळे ओले होते की काय, नक्की दिसले नाही.

हे तोंड बंद ठेवण्याचे मोल आहे, हे कळायला मला एकतीस वर्षांचा अनुभव लागला नाही. आईचे प्रताप लेकीला ठाऊक आहेत आणि तपासणाऱ्याला बाटली देऊन गप्प करायचे आहे. मी बाटली उघडली नाही. झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही आणि तारीख घातली, पेटीत ठेवली. पुरावा म्हणून.

१३ मार्च, गुरुवार

चाचणीसाठी आणखी साठ ग्रॅम दिले, चिठ्ठीवर. दुपारी रंगभूषाकार आला. किडकिडीत माणूस, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्याने विटकरी रंग स्वतःच्याच ओठांना लावला, गप्पा मारत तीन कप चहा प्यायला, मग कप उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. डाग नाही. पांढऱ्या रुमालाने ओठ खसखसा पुसले. रुमाल पांढराच. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या मंडळींना तुम्ही तीस कॉलर वाचवून दिल्यात." आणि तसाच विटकरी ओठांनी रस्त्याने गेला. सूनबाई दिवसभर गुणगुणत होती.

१४ मार्च, शुक्रवार

६४०. हिशेबाने ८८० हवे.

ऑर्डरला ६५० लागतात.

सूनबाईला अजून आकडा सांगितलेला नाही. तिने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली. तिचा चेहरा उतरला होता. मला त्या बाईचा असा राग आला. पोटच्या पोरीचे काम बुडते आहे आणि हिला गाल तुकतुकीत हवेत.

१७ मार्च, सोमवार

५९१. आज बोलले.

चहा झाला होता. विहीणबाई पर्स उचलून निघत होत्या. मी दारात उभी राहिले आणि म्हटले, "विहीणबाई, जाण्याआधी पर्स उघडून दाखवता का?"

चिरंजीवांचा कप बशीवर आपटला. सूनबाई म्हणाली, "आई, नको."

विहीणबाईंनी पर्स टेबलावर उघडली. एकेक वस्तू बाहेर ठेवली: चष्म्याचे घर, पांढऱ्या दोऱ्याचे रीळ, दोन गोळ्या, बसचे तिकीट, एक टेप. बाटली नव्हती. मग त्यांनी सगळे त्याच क्रमाने परत भरले, चेन लावली आणि मला म्हणाल्या, "पर्स पाहिलीत. आता जरा स्वतःचे हातही पाहा." आणि गेल्या.

मी हात पाहिले. हातांना काय झाले आहे? उलट सुधारले आहेत.

सूनबाईने कप विसळले. दोनदा विसळले. 

कॉन्व्हेंटमध्ये रोज संध्याकाळी आपापल्या चुका आठवून मनात यादी करायची असे. माझी यादी नेहमी शेजारणीच्या चुकांनी भरायची. आज बसून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. सुरुवात पुन्हा विहीणबाईंपासूनच झाली.

१८ मार्च, मंगळवार

५६८. काल त्या आमच्या घरातून गेल्या त्या गेल्याच, किल्ली रात्रभर माझ्या उशाशी होती, आणि तरी तेवीस ग्रॅम गेले. मग घेतो कोण?

हे लिहितानाच नरसाळ्यातून एक थेंब या पानावर पडला. चांगला रुपयाएवढा डाग झाला. कागद पारदर्शक होऊन मागच्या पानावरचे 'पर्स' उलटे दिसते आहे. गेली माझी दैनंदिनी. कागदावरचा तेलाचा डाग कधी जात नाही. एकतीस वर्षांत अशी कित्येक रिमे मी बाद केली आहेत. पेन्सिलने भोवती वर्तुळ काढले, आत सही, तारीख. बाद मालावर करतात तसे.

१९ मार्च, बुधवार

डाग नाही.

वर्तुळ आहे, सही आहे, आत कागद कोरा. पान उजेडात धरले, वास घेतला, जिभेलाही लावले. काही नाही. दैनंदिनी तर कोणी चोरत नव्हते.

मग मी रोजची पद्धत केली, पण माल डब्यात परत ओतल्यावर ओले पातेले रिकामेच काट्यावर ठेवले. कोरड्या पातेल्याहून एकवीस ग्रॅम जास्त. समोर खुर्ची घेऊन बसले. चहा संपला तेव्हा अठरा. पेपर वाचून झाला तेव्हा बारा. दुपारी शून्य. पंखा फिरत होता आणि चोर माझ्या डोळ्यांसमोरून खिडकीबाहेर चालला होता. पंधरा दिवस रोज सकाळी मीच त्याला पातेल्यात ओतून, वारा घालून वाटेला लावत होते. उरलेले काम बूच नसलेल्या डब्याने उन्हात बसून केले.

आज डब्यात ५४५.

पेटीतून बूच काढले, लावले, दुसरेही नख मोडले. मग सूनबाईपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळे सांगितले, पातेल्यासकट. तिने मधेच तोंडावर हात घेतला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती, आणि मग दोन्ही.

म्हणाली, "आई, आम्हाला वाटलं तुम्ही हातांना लावता. विचारायला कसंतरी वाटलं."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"मला. मम्मीला." आणि मग, "तुमच्या चिरंजीवांना."

म्हणजे दहा-बारा दिवस या घरातली चोर मी होते. सगळ्यांना ठाऊक होते, आणि सगळ्यांनी मला मोठ्या मनाने माफ करून टाकले होते. बाटली भेट देऊन! आळ एक वेळ सोसला असता. पण न केलेल्या चोरीची न मागितलेली माफी? मी तिला हे ऐकवणारच होते. तोंड उघडले, आणि विहीणबाईंचे ते दोऱ्याचे रीळ डोळ्यांसमोर आले. मला चोर समजत असूनही त्या बाईने भरल्या घरात माझे नाव घेतले नव्हते. मी तोंड मिटले.

मग पेटीतली बाटली आणून टेबलावर ठेवली. पट्टी शाबूत, सही शाबूत, शंभरच्या शंभर ग्रॅम. सूनबाईने गणित मांडले. ६४५. नळ्या होतात एकशे अठ्ठ्याण्णव.

२० मार्च, गुरुवार

विहीणबाईंकडे गेले. दार त्यांनीच उघडले. घरात शिवणयंत्रावर कापड टाकलेले, टेबलावर बटणांचा डबा. मी उभ्यानेच सांगितले: माल कोणी नेला नाही, उडाला, आणि मी उडवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. म्हणाल्या, "तोंडी नको. तुमच्याकडे सगळं लेखी चालतं ना?"

मी म्हटले, आणते. त्या म्हणाल्या, "आणि उद्या मी लेबलांना येते ती माझ्या लेकीसाठी. गैरसमज नको." चहा विचारला नाही.

२४ मार्च, सोमवार

तीन दिवस विहीणबाई आल्या. लेबल हवे असले की माझ्यापुढे नुसता हात करायच्या. मी द्यायची. नळ्या भरून झाल्या त्या १९८. मोजल्या मी नाही, सूनबाईने.

रंगभूषाकार आज आला. सूनबाईने आधीच सांगितले की दोन कमी आहेत. त्याने कारण विचारले. ती काही जुळवून सांगणार तेवढ्यात मी म्हटले, "माझ्यामुळे." तो म्हणाला, "दोन नट मी तसेही काढणारच होतो." खोका बांधला आणि वर्षभराच्या कामाचा कागद सही करून ठेवून गेला. सूनबाईने जुन्या नोकरीवर फोन करून जागा मोकळी करायला सांगितले. फोन ठेवला आणि आधी माझ्या गळ्यात पडली. किल्ली दोघींना टोचली.

२५ मार्च, मंगळवार

आज विहीणबाईंना लेखी दिले. वेगळा कागद लिहायला बसले होते, चार फाडले. शेवटी ही दैनंदिनीच त्यांच्यापुढे ठेवली. सात तारखेच्या, दहाच्या, अकराच्या, बाराच्या, चौदाच्या आणि सतराच्या नोंदींवर मी रेघा मारल्या होत्या: सरळ, एकेक, खालचे वाचता येईल अशा, शेजारी सही. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतले. सावकाश. 'बूच, आतले, नग एक' वाचून खोकला काढला. 'बाई साधी नाही' इथे थांबून पुढे गेल्या. सूनबाई आणि मी शाळेत निकाल लागतो तेव्हा उभे राहतात तशा उभ्या.

मग त्या पाने उलटून पुन्हा सात तारखेवर गेल्या.

"चोर म्हटलंत ते मी सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "पण हे 'वयाच्या मानाने' काय आहे?"

मी म्हटले, ते कौतुकानेच लिहिले होते. त्यांनी माझे पेन घेतले. त्या ओळीवर माझी रेघ होतीच, तरी त्या शब्दांवर त्यांनी आपली दुसरी मारली, शिवणीसारखी सरळ, आणि शेजारी लफ्फेदार सही केली. तारीखही घातली. मग पर्समधून ती विटकरी नळी काढली. लेकीने दिलेली, चाचणीतली. स्वतःच्या ओठांना लावली, माझ्यापुढे धरली. मी अडतीस वर्षांत ओठांना काही लावले नव्हते. लावले. सूनबाईने चहा टाकला. दोघी दोन-दोन कप प्यायलो आणि कप उजेडात धरून पाहिले.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. काटा विहीणबाई घरी घेऊन गेल्या.